नव्या जिल्ह्याची जिल्द

जळकोट,
५ डिसेंबर १९८२

ती. साडूभाऊ मडिवाळप्पा आणि ती. नीलाअक्का यांना,
संगप्पाचा शरणु शरणार्थ.

तुमचं दिवाळीचं पत्र आलं त्याला उत्तर आज लिहीत आहे. फार उशीर झाला, रागावू नका. पत्र रोज उशाशी होतं. पण दिवसभर हाताला खळ लागलेली असते, आणि तसल्या हातानं लिहिलं तर कागद पाकिटाला आतून चिकटेल, तुम्ही ओढाल, फाटेल, आणि नेमका कामाचा मजकूर जाईल, असं मनात येत राहिलं. आज हात दोनदा राखेनं घासून बसलो आहे.

अक्कांनी लिहिलं आहे की गंगम्मा गेल्यापासून तुम्ही तिथं एकटे, त्यात टँकरची वाट बघायची, त्यापेक्षा कंधारला या, दुकानात गल्ल्यापाशी बसा. बहीण गेल्यावरही त्या तिच्या नवऱ्याची काळजी करतात, हे मी विसरणार नाही. पण अक्का, गल्ल्यापाशी बसून मी काय करू? नुसतं बसलं की माझं मन नको तिथं जातं. आणि इथं मला वाचनालयाची सवय झाली आहे. कापड दुकानातली उभ्याची नोकरी सुटली तेव्हा वाटलं होतं आता संपलं. इथं शिपाई म्हणून लागलो आणि उलट सुरू झालं.

सकाळी कुलूप काढतो तेव्हा बाहेर माणसं उभीच असतात. बसनं वर्तमानपत्रं आली की मी ती फळीवर लावायच्या आत एक जण पुढचं पान धरतो आणि दुसरा समोरून मागचं पान वाचायला लागतो. पुढचा म्हणतो, "उलटू का?" मागचा म्हणतो, "थांब की, तुरीचा भाव राहिला." दोघंही एकाच कागदाला धरून उभे. मला ते बघायला फार आवडतं. आणि पुस्तक परत आलं की मी ते आधी हळूच झटकून बघतो. आतून काय काय पडतं! बसचं तिकीट, टिकली, दात घासायची लिंबाची काडी, एकदा तर शेंगांची टरफलं. म्हणजे माणूस कुठल्या पानाशी थांबला आणि तेव्हा काय करत होता, ते कळतं. या वस्तू मी एका डब्यात ठेवतो. कोणी मागायला आलं तर? अजून कोणी आलं नाही, पण टिकली फेकून कशी द्यावी.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला ठाऊकच आहे, ऑगस्टपासून आमचा जिल्हा उस्मानाबाद राहिला नाही, लातूर झाला. नव्या जिल्ह्याचे साहेब जानेवारीत वाचनालय तपासायला येणार आहेत. नियम असा निघाला आहे म्हणे की सेवक सातवी पास पाहिजे. मी चौथी, तीही निजामाच्या काळातली, उर्दूतून. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. आमच्या ग्रंथपाल विशाखाबाई सोनकांबळे फार चांगल्या, वयानं लेकीसारख्या. त्या म्हणाल्या, "अप्पा, तपासणी चांगली झाली तर मी साहेबांपाशी तुमच्यासाठी शब्द टाकीन." एवढं बोलून त्या नांदेडला ग्रंथपालांच्या वर्गाला गेल्या, त्या संक्रांतीनंतर येतील. तोवर सगळं माझ्या अंगावर. तपासणी बिघडली तर माझी नोकरी गेली, हे धरून चाला.

त्या गेल्यावर आमच्या समितीचे चिटणीस महादेवप्पा येऊन सांगून गेले की नवा जिल्हा झालाय, साहेब यायच्या आत सगळ्या पुस्तकांची जिल्द बदलून ठेवा. बाईंसाठी एक पुडकंही देऊन गेले, दोऱ्यानं बांधलेलं. ते मी कपाटात कुलपात ठेवलं आहे. दुसऱ्याची वस्तू उघडायची मला सवय नाही.

आधी नवल वाटलं. मग वाटलं, बरोबर आहे. घरात कार्य असलं की सगळ्यांना नवे कपडे करतात. नवा जिल्हा हे केवढं मोठं कार्य! पुस्तकांना जुनी, तेलकट, कोपरे गेलेली कव्हरं घालून साहेबांसमोर कसं उभं करायचं? लहानपणी आमचे मौलवीसाहेब म्हणायचे, जिल्द नीट तर किताब नीट. म्हणून लागलो कामाला. उदगीरच्या भंगारवाल्याकडे सुंदर कागद मिळाला. तो म्हणाला, तिकडच्या शेतकी मेळाव्याची जाहिरात छापलेली, पाऊस न झाल्यानं मेळावा रद्द झाला आणि गठ्ठे तसेच राहिले. जाड, कोरा करकरीत. छापलेली बाजू मी बाहेर ठेवतो, ती गुळगुळीत आहे, मळ धरत नाही. पुस्तकाचं नाव मात्र वर घातलेलं नाही. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं. सगळ्या गावासमोर चूक नको. बाई आल्या की त्यांच्या वळणदार अक्षरात घालतील.

त्यामुळं एक गंमत होऊन राहिली आहे. आत काय आहे ते कोणालाच कळत नाही! व्यंकटी म्हणून आमचा एक वाचक आहे, पिठाची गिरणी चालवतो, त्याला फक्त खुनाच्या गोष्टी लागतात. तो आला, "संगप्पा, खुनाचं द्या." मी म्हटलं, "बाबा, कपाटातून घे, तुझ्या नशिबाला असंल ते." घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणतो, "तान्ह्या लेकराला कसं सांभाळावं त्याचं पुस्तक निघालं हो. दात येईपर्यंत वाचलं. आता पुढं काय होतंय, दुसरा भाग हाय का?" त्याचं अजून लग्न नाही.

व्यंकटी कंधारला बहिणीकडे चालला आहे, त्याच्यासोबत एक पुस्तक अक्कांसाठी पाठवतो. जिल्द बघा आणि कशी झाली ते सांगा. खरं म्हणजे सभासद नसलेल्या बाहेरगावच्या माणसाला पुस्तक देता येत नाही, तेव्हा कोणाला बोलू नका. आत काय आहे मलाही माहीत नाही. पहिलं पान माझ्या हातून जिल्दीला चिकटून गेलं.

तुमचा,
संगप्पा


कंधार,
९ डिसेंबर १९८२

संगप्पा यांना मडिवाळप्पाचा शरणु.

पत्र आणि पुस्तक पोचलं. जिल्द चांगली झाली आहे, बायकोनं हात फिरवून बघितली आणि म्हणाली, "संगप्पा भाऊजींनी गंगीच्या लुगड्याची घडी घातल्यासारखी घातली." तेव्हा कौतुक झालं असं समजा.

आता मी विचारतो त्याचं उत्तर द्या. नवा जिल्हा झाला म्हणून पुस्तकाची जिल्द बदलायचं सरकारला काय कारण? उद्या कंधार तालुका नांदेडातून काढून तुमच्याकडे घातला, तर मी काय साखरेच्या पोत्यांना नवं बारदान चढवू? मी रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला, गिऱ्हाईक नव्हतंच. महादेवप्पाला मी लग्नाकार्यात पाहिलं आहे. त्याच्या तोंडात सदा पान असतं. त्यानं सांगितलं तेव्हा तोंडात पान होतं का, तेवढं आठवा. तो "जिल्द" म्हणाला का "जिल्हा" म्हणाला? सगळ्या पुस्तकांचा जिल्हा बदला, असं तर नाही ना म्हणाला?

आणि दुसरं. तुम्ही पाठवलेल्या पुस्तकावर पुढून तांबड्या अक्षरात काय छापलंय ते तुम्ही वाचलं का? मी वाचलं. गिऱ्हाइकांनीही वाचलं. "उस्मानाबाद जिल्हा भव्य शेतकरी मेळावा", आणि खाली ज्वारीचं कणीस. सगळ्या पुस्तकांवर हेच आहे का?

घाबरू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो, घाबरू नका. ते पुडकं तेवढं उघडा.

व्यंकटी सांगत होता की टँकरच्या पाण्यातलं तुमच्या वाटणीचं पाणी तुम्ही खळीत घालून राहिलात. हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. बायको चिडली आहे.

पुस्तकाबद्दल: हे कसलं पुस्तक आहे? यातली माणसं दर वेळी आधी आपलं नाव सांगतात आणि मग बोलतात. "पाटील: बस. म्हातारी: बसते." असं पानोपान. आणि मधेच कंसात "खोकतो". तो खोकतो हे लिहून कशाला ठेवायचं? मीही खोकतो. कळवा.

मडिवाळप्पा


जळकोट,
२१ डिसेंबर १९८२

ती. साडूभाऊ,

तुम्ही पत्त्यावर जि. उस्मानाबाद लिहिलंत. पत्र तिकडं फिरून आज आलं. या दिवसांत मी उरलेली दोन कपाटंही पुरी केली.

पत्र वाचून आधी पाणी प्यालो, मग कपाट उघडलं, पुडकं सोडलं. आत रबरी शिक्का आणि शाईची गादी. शिक्क्यावर उलट्या अक्षरात काय आहे ते कळेना, म्हणून हाताच्या पंजावर मारून बघितला. "सार्वजनिक वाचनालय, जळकोट, जि. लातूर." पुस्तकांच्या पहिल्या पानावर जुना शिक्का आहे जि. उस्मानाबादचा. त्यावर हा मारायचा होता. एवढंच काम होतं.

महादेवप्पांकडे गेलो. सरळ विचारायचा धीर होईना. म्हटलं, "ते जिल्हा बदलायचं काम..." ते म्हणाले, "झालं न्हाई का अजून? दोन दिसाचं काम." तोंडात पान होतं. खरं सांगतो साडूभाऊ, आता ऐकूनसुद्धा मला "जिल्द"च ऐकू आलं.

म्हणजे बघा, जे नाव काढायला सांगितलं होतं ते मी सगळ्या पुस्तकांवर तांबड्या अक्षरात, कणसासकट चढवून ठेवलं. आणि मी ते वाचलंच नाही. कागद चांगला आहे का, आडवा कापावा का उभा, हेच बघत राहिलो.

जिल्दी काढायला बसलो तर खळ अशी बसली आहे की कागदाबरोबर पुठ्ठ्याची साल निघते. ओलं फडकं ठेवून हळूहळू सोडवावं लागेल. आणि ओलं फडकं कुठून आणू? काल पारूबाई आली होती. ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडते, दुपारी आमच्या रांजणातलं पेलाभर पाणी प्यायला येते. मला फडकं भिजवताना बघून म्हणाली, "अप्पा, माणसाला प्याया पानी न्हाई, आन् तुमी पुस्तकाला पाजून राहिले!" ते फडकं मी पिळून पाणी कुंडीत घातलं.

बाई अजून नांदेडला. त्यांना पत्र लिहू का नको? लिहिलं तर वर्ग सोडून येतील. नाही लिहिलं तर लपवलं असं होईल. वाचक तर खूश आहेत, रोज जास्तच येतात, कपाटापुढं डोळे मिटून पुस्तक ओढतात आणि हसत घरी नेतात. त्यांना काय. कापलं जाणार ते माझं नाव.

मला सुचत नाही. तुम्हीच सांगा.

संगप्पा


कंधार,
२७ डिसेंबर १९८२

संगप्पा यांना,

या वेळी जि. लातूर लिहिलं आहे. दोनदा खाडाखोड करून.

बाईंना लिहू नका, आल्यावर तोंडानं सांगा. लिहिलेलं माणूस पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी जास्त चिडतो. तोंडानं सांगितलं की एकदाच चिडतो. मी दुकानात असंच करतो.

नोकरी गेली तर गेली. आम्ही मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. मिरच्यांची पोती होती, तेव्हा दोन दिवस शिंका येतील, मग सवय होईल. इथंही पाणी एक दिवसाआड आहे, पण आहे. तुम्ही म्हणाल दुकानात बसून काय करू. पण इथंही आता वाचनालयासारखंच होऊन राहिलं आहे, त्याला तुम्ही जबाबदार.

शाळेचे एक मास्तर काडेपेटी घ्यायला आले, त्यांना पुस्तक दाखवलं. ते म्हणाले, मडिवाळप्पा, हे नाटक आहे. नावाशेजारचं ते बोलायचं, कंसातलं ते करायचं. मग काय! आता पाटील मी वाचतो आणि म्हातारी बायको वाचते. तिला दुसरीपर्यंतच येतं, पण म्हातारीची वाक्यं छोटी आहेत. गोष्ट अशी की म्हातारीची म्हैस हरवली आहे आणि पाटील म्हणतो, तुझ्याकडे म्हैस होतीच कधी? गावातला प्रत्येक जण शपथ घेऊन सांगतो की त्यानं ती म्हैस कधी पाहिली नाही, आणि सगळ्यांच्या घरी दूध आहे. गिऱ्हाइकं सामान घेऊन झालं तरी जात नाहीत. परवा मी पाटील म्हणून जरा जोरात बोललो तर एक बाई मला म्हणाली, "लाज वाटत न्हाई का म्हाताऱ्या माणसाला बोलायला?" आणि साबण न घेता गेली. मधे एके ठिकाणी नुसतं "पडदा" लिहिलं आहे. आमच्या दुकानाला पडदा नाही, म्हणून मी अर्धं शटर ओढतो.

पण शेवटची पानं तुमच्या खळीनं एकमेकांना चिकटली आहेत. म्हैस कोणी नेली ते आत आहे.

बायको सांगते तसं लिहितो: "भाऊजी, गंगी असती तर म्हणली असती, ह्यांनी जे काम हाती घेतलं त्ये गरजेपेक्षा जास्तच केलं. तवा रडत बसू नका. दोन टाइम जेवा. वाटणीचं पानी प्या. न्हाई तर मी येऊन तुमच्या त्या रांजणापशी बसंन."

तपासणी कधी, काय झालं, लगेच कळवा.

मडिवाळप्पा


कंधार,
२४ जानेवारी १९८३

संगप्पा यांना,

कार्ड पाठवत आहे. संक्रांत झाली, तुमचं पत्र नाही. व्यंकटीही इकडे आला नाही. आम्ही समजायचं ते समजलो. खोली झाडून ठेवली आहे. मिरचीचा वास अजून आहे. तुमच्यावर आणखी एका पुस्तकाचा ठपका नको, म्हणून येत्या शनिवारी उदगीरच्या गाडीला कंडक्टरच्या हाती पुस्तक परत पाठवतो. परत जाणाऱ्या गाडीनं तुम्हीच या.

मडिवाळप्पा


जळकोट,
२७ जानेवारी १९८३

ती. साडूभाऊ आणि ती. नीलाअक्का यांना,

पत्राला इतका उशीर केला त्याबद्दल पुन्हा माफी मागतो. काय लिहावं तेच ठरत नव्हतं. जे झालं ते चांगलं का वाईट, हे मला परवापर्यंत कळलं नव्हतं. तुमचं कार्ड आज दुपारी आलं आणि मी लगेच लिहायला बसलो. हे टपालात टाकत नाही. व्यंकटी उद्या कंधारला येतो आहे, त्याच्या हाती देतो. शनिवारच्या आत तुम्हाला मिळालंच पाहिजे.

बाई तपासणीच्या आदल्या दिवशी आल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तोंडानं सांगितलं. त्या कपाटापुढं उभ्या राहिल्या. सगळीकडे तांबडी अक्षरं आणि कणसं. एक पुस्तक काढून उलटसुलट करून बघितलं. मग स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. मग एकदम हसायचं थांबल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, उद्या काय करायचं हो?" ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण माणूस, घाईत. आल्या आल्या एक पुस्तक ओढलं, दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. "हे काय आहे?" बाई म्हणाल्या, "वेष्टन आहे, सर." "ते दिसतंय. हे लातूर जिल्ह्यातलं वाचनालय आहे का उस्मानाबादचं प्रदर्शन?" मग मी पुढं झालो आणि पहिल्यापासून सांगितलं. महादेवप्पा शेजारीच उभे होते. पानाचं सांगायला नको होतं, पण ते तोंडातून गेलं. महादेवप्पा बाहेर जाऊन थुंकून आले.

साहेबांनी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, "चौथी. उर्दू." त्यांनी ते लिहून घेतलं, हे मला आवडलं नाही. मग त्यांनी पुस्तकं किती गेली-आली ते पाहिलं आणि विचारलं, "दुष्काळात वाचक वाढले कसे? आकडे खरे आहेत का?" बाई काही म्हणायच्या आत व्यंकटी बोलला. तो मुद्दाम गिरणी बंद ठेवून आला होता. म्हणाला, "आत काय हाय ते कळत न्हाई ना सायेब, म्हणून. मी दोन वर्षं खुनाचंच वाचत होतो. ह्या दीड महिन्यात लेकरं सांभाळायला शिकलो, मधमाशा पाळायला शिकलो, आन् एक पुस्तक तर अजून कळलंच न्हाई, ते तिसऱ्यांदा नेलंय." साहेब म्हणाले, "वाचनालय म्हणजे लॉटरी नव्हे." ते खरंच आहे. मलाही तसंच वाटतं. पुस्तकावर नाव पाहिजे.

एवढ्यात पारूबाई पाणी प्यायला आली. दारात साहेबांची जीप उभी होती. ती पाणी प्याली, जीपकडं बघितलं आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "सायेब, तुमच्या गाडीची बी जिल्द बदलायची राहिली की!" सगळे बाहेर बघायला लागले. जीपच्या दारावर मोठ्या पांढऱ्या अक्षरात जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. तिला वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, "पारूबाई, तुला वाचता येतं?" ती म्हणाली, "न्हाई वो. तुमच्या पुस्तकावरचं आन् गाडीवरचं चित्तर सारखंच दिसलं. रोज बघून राहिले ना." अक्षरांना ती चित्र म्हणते.

साहेब हसले नाहीत. पण खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच पाणी मागितलं. मग शेरा लिहिला. तो मला पाठ झाला आहे, कारण बाईंकडून मी तो पुन्हा पुन्हा वाचून घेतला: "जुन्या जिल्ह्याचे नाव असलेली सर्व वेष्टने, पुस्तकांस इजा न करता, ज्याने चढवली त्यानेच उतरवावीत व नवीन शिक्के मारावेत. सदर काम पूर्ण होईपर्यंत विद्यमान सेवकास कामावर ठेवावे. तदनंतर नियमाप्रमाणे सातवी उत्तीर्ण सेवक नेमावा."

साहेब गेले. मी त्या शेऱ्याचा अर्थ लावत बसलो. ठेवलं का काढलं? एका ओळीत ठेवलं आहे आणि पुढच्या ओळीत काढलं आहे. मी आपला दुसऱ्या दिवसापासून जिल्दी उतरवायला लागलो. पेलाभर पाण्यात फडकं भिजवतो, पुस्तकाला गुंडाळून ठेवतो, दुपारनंतर कागद आपोआप सुटतो. मग शिक्का, मग बाई वर नाव घालतात. लोकांना ते आवडत नाही. व्यंकटी तर म्हणाला, "तुमी सगळी मजा घालवून राहिले." पण काम ते काम. चढवताना जेवढ्या निगुतीनं केलं तेवढ्याच निगुतीनं उतरवतो आहे. एक मात्र झालं. नाव दिसायला लागलं तरी लोक आता कपाटापुढं पहिल्यापेक्षा जास्त वेळ उभे राहतात. खुनाच्या पुस्तकाशेजारचं पुस्तकही काढून बघतात.

परवा मी बाईंना म्हटलं, "बाई, होळीपर्यंत सगळं उतरवून होईल. मग मी कंधारला जातो. तुम्हाला सातवी पास माणूस बघून ठेवावा लागेल." हे म्हणताना माझा आवाज कसा झाला ते मला माहीत आहे. बाईंनी शेऱ्याचा कागद काढला, माझ्यापुढं ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "अप्पा, हा शब्द वाचा." मी वाचला. "सर्व." "म्हणजे?" "सगळी." "मग सगळी इथं आहेत का?"

मी घाबरलो. कंधारच्या पुस्तकाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, व्यंकटीनं सांगितलं असणार. म्हटलं, "बाई, चूक झाली. एक माझ्या मेहुणीकडे आहे. नियम मला माहीत होता. उद्याच जाऊन घेऊन येतो." बाई पुस्तकावर नाव लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कोण म्हणालं आणा म्हणून?"

मी म्हटलं, "पण परत करायची मुदत?" त्या म्हणाल्या, "नीलाबाईंना मी आज सभासद करून घेतलं. मुदत वाढवायची असली तर वाचकानं कळवायचं असतं. पत्र आलं की मी वाढवीन. दर वेळी पत्र आलं पाहिजे मात्र. मीही नियमानंच चालते."

मग मला शेरा कळला. एक जिल्द कंधारला आहे तोवर काम पुरं नाही, आणि काम पुरं नाही तोवर मी आहे. म्हणजे साहेबांनीच तसा लिहिला का बाईंनी तसा वाचला, हे मला अजून कळत नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, शिक्का नीट मारा, तिरका जातोय.

हे बरोबर आहे का साडूभाऊ? मला त्याची काळजी लागली आहे. सरकारला फसवल्यासारखं तर होत नाही ना? पण मग वाटतं, अक्का खरंच वाचतात. पुस्तक तिथं पडून नाही. वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक ओढून आणायचं, हे तर कुठल्याच नियमात नाही.

तेव्हा हात जोडून सांगतो, शनिवारच्या गाडीला पुस्तक देऊ नका. कंडक्टरला आधीच दिलं असलं तर स्टँडवर जाऊन परत घ्या. जिल्द काढू नका. कोपरा सुटला तर घरची खळ लावा, पण पातळ लावा. मागच्या खोलीत मिरच्यांची पोती पुन्हा ठेवली तरी चालेल, मी वाईट वाटून घेणार नाही. उन्हाळ्यात चार दिवस येईन, तेव्हा दुकानात पाटील मी वाचतो, माझा आवाज तुमच्यापेक्षा बारीक आहे, गिऱ्हाईक जाणार नाही.

चिकटलेली पानं चहाच्या वाफेवर धरली तर सुटतात, मी करून बघितलं आहे. पण घाई करू नका, एका दिवशी एकच पान सोडवा. आणि म्हैस कोणी नेली ते कळवा. इथं व्यंकटीला मी अर्धी गोष्ट सांगितली, त्यानं पारूबाईला सांगितली, आता दुपारी रांजणापाशी सगळ्या खडीवाल्या बाया मला तेच विचारतात. पारूबाई म्हणते पाटलानंच नेली. मला तसं वाटत नाही.

पुस्तक पाठवू नका. पत्र लवकर पाठवा. पत्त्यावर जि. लातूर लिहा.

तुमचा,
संगप्पा